वाचकांचे प्रश्न : नागपूरहून केनियाच्या मिशनवर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रं एकाच विषयाची आहेत. गुरुदीक्षा (फादर होण्याचा विधी) किंवा व्रतग्रहण झालं, आणि पाठोपाठ पूर्व आफ्रिकेतल्या नेमणुकीचं पत्र हातात आलं. म्हणून हे सदर पूर्णपणे त्या प्रश्नांना दिलं आहे. उत्तरं तिकडे सेवा केलेल्यांनी आणि जाणाऱ्यांची तयारी करून घेणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : माझी गुरुदीक्षा नुकतीच झाली. पश्चिम केनियातल्या एका धर्मग्रामात (चर्चच्या कार्यक्षेत्रात) सहायक म्हणून जायचं आहे. तिथे इंग्रजी चालतं असं सगळे सांगतात. मग स्वाहिली किती शिकावी आणि कधीपासून?
— एक नवे फादर, सेमिनरी हिल्स

फादर, इंग्रजी चालतं हे खरं आहे, आणि अडचणीची सुरुवातही तिथूनच होते. सरकारी कचेरी, शाळा, बिशपांचं कार्यालय, तुमचे प्रमुख धर्मगुरू, सगळीकडे इंग्रजीवर भागतं. त्यामुळे नवा माणूस नकळत इंग्रजी बोलणाऱ्या पंधरा-वीस लोकांतच राहतो. पापनिवेदनाला आलेली आजी, दवाखान्यात पडलेला मजूर, मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर दाराशी थांबलेली लेकुरवाळी बाई त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत ज्याची जीभ स्वाहिलीला वळली नाही, त्याची पुढे क्वचितच वळते. तोवर त्याच्याकडे शाळेचं व्यवस्थापन, हिशेब किंवा बांधकाम आलेलं असतं आणि भाषेला वेळ उरत नाही.

म्हणून निघण्यापूर्वीच तुमच्या संघाच्या प्रांतप्रमुखांमार्फत तिकडच्या वरिष्ठांकडून एक गोष्ट लेखी ठरवून घ्या : पहिले सहा महिने कोणत्याही संस्थेची जबाबदारी नाही. तोंडी ठरलेलं टिकत नाही. तिथे माणसं कमी असतात, आणि धडधाकट तरुण फादर दिसला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा येतो.

सहा महिन्यांतला दिवस साधारण असा ठेवा : सकाळी दोन तास शिक्षकासोबत, एक तास ध्वनिमुद्रण ऐकून मोठ्याने म्हणणं, आणि दुपारनंतर दोन तास बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, कुणाच्या ओट्यावर. दिवसाला पंधरा नवे शब्द पुरेत, पण सुटे नकोत, वाक्यात बसवलेले हवेत. शिक्षक म्हणून धर्मग्रामातले निवृत्त प्राथमिक शिक्षक सर्वांत चांगले. उत्साही कॉलेजकुमार तुमच्याशी इंग्रजीचा सराव करतो आणि तुमच्या चुका भिडेखातर सोडून देतो. शिक्षकांना मानधन द्या, म्हणजे वेळ पाळली जाते.

काही गोष्टी नागपुरात बसूनच पक्क्या होतात. लिपी रोमन आहे आणि लिहिलंय तसंच वाचायचं असतं. आघात जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. मराठी माणसाने एक पथ्य पाळावं : ‘ज’ हा ‘जीव’मधला, ‘जांभूळ’मधला नव्हे, आणि ‘च’ हा ‘चित्र’मधला, ‘चमचा’मधला नव्हे. ‘म्तोतो’ म्हणजे मूल. त्यातला ‘म्’ स्वतंत्र अक्षर म्हणून उच्चारायचा, त्याला ‘अ’ चिकटवून ‘मतोतो’ करायचं नाही.

व्याकरणात दोन जागा अवघड आहेत. पहिली, नामांचे गट. एक मूल ‘म्तोतो’, अनेक ‘वातोतो’. एक पुस्तक ‘किताबू’, अनेक ‘विताबू’. विशेषणही त्याच उपसर्गाने बदलतं : ‘म्तोतो म्झुरी’, ‘वातोतो वाझुरी’, ‘किताबू किझुरी’, ‘विताबू विझुरी’. त्यामुळे कोणतंही नाम एकवचन, अनेकवचन आणि एक विशेषण अशा तिहेरी जोडीनेच पाठ करा. दुसरी जागा क्रियापद. कर्ता, काळ आणि धातू एकाच शब्दात येतात : ‘निनासोमा’ मी वाचतो, ‘निलिसोमा’ मी वाचलं, ‘नितासोमा’ मी वाचेन, आणि नकारात ‘सिसोमी’, म्हणजे शेवटचा स्वरही बदलतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, तिथे ते कर्मापूर्वी येतं. तो, ती, ते असा भेद क्रियापदात नाही, ही मात्र मोठी सोय.

वेळ सांगण्याची पद्धत पहिल्याच आठवड्यात घोकून घ्या, कारण इथे हमखास फसगत होते. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’, म्हणजे पहिला तास, हे आपले सकाळचे सात. ‘सा न्ने असुबुही’, सकाळचा चौथा तास, म्हणजे दहा. घड्याळात सहा मिळवायचे किंवा वजा करायचे. उपकेंद्रातली, म्हणजे ‘किगांगो’तली, मिस्सा ‘सा न्ने’ला ठेवली असेल आणि तुम्ही संध्याकाळी चारला पोचलात, तर माणसं केव्हाच घरी गेलेली असतात. वेळ ठरवताना दोन्ही पद्धतींनी एकदा म्हणून घ्या.

पहिले तीन महिने उत्स्फूर्त प्रवचन टाळा. मिस्साचे पाठ धर्मशिक्षकाकडून ध्वनिमुद्रित करून घ्या आणि ऐकत ऐकत, पेन्सिलने आघात खुणावत दहा वेळा मोठ्याने वाचा. चौथ्या महिन्यापासून एक पानाचं प्रवचन लिहा. गुरुवारपर्यंत धर्मशिक्षकाला दाखवा, शनिवारी त्याच्यासमोर वाचा. पाच मिनिटांचं शुद्ध प्रवचन लोक आनंदाने ऐकतात. कॅथलिक घरात शिरताना ‘तुम्सिफू येसू क्रिस्तो’ म्हणा, उत्तर येतं ‘मिलेले ना मिलेले, आमिना’.

स्थानिक मातृभाषा, लुओ असो वा लुह्या, वर्षभरानंतर मनावर घ्या. त्या भाषेतला नमस्कार मात्र पहिल्या रविवारपासून करा. मिशनरी म्हणून येणाऱ्याने आधी भाषेला बसावं हे नागपूरला नवीन नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, मराठी शिकले, आणि गोंडांमध्ये फिरून त्यांची कथागीतं टिपली. १८६३ मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाला, आणि ती टिपणं १८६६ मध्ये छापली गेली. आज गोंडी परंपरेचे अभ्यासक ती टिपणं उघडतात. भाषेवर घालवलेला वेळ किती दूर जातो ते यावरून दिसतं.

प्रश्न : मुलगा फादर म्हणून केनियाला निघालाय. सोबत काय काय बांधून देऊ? आणि रोज फोन कर म्हटलं तर चालेल का?
— एक आई, कामठी

आई, आधी कपड्यांचं. आफ्रिका म्हणजे कडक ऊन, असं समजून नागपूरच्या मे महिन्याचे कपडे देऊ नका. नैरोबी सुमारे १७०० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेकडचे चहाचे डोंगर त्याहून उंच. जून ते ऑगस्ट हा तिथला थंडीचा काळ, रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. दोन स्वेटर, एक पातळ रेनकोट, लांब बाह्यांचे पाच-सहा फिके शर्ट (गडद रंगाकडे डास जास्त येतात) आणि चिखलात चालतील असे बूट द्या. किसुमूजवळ व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी नेमणूक असेल, तर हवा दमट आणि उष्ण असते. तिथे एक स्वेटर पुरे.

खाण्याच्या जिन्नसांत तूरडाळ, तांदूळ, कणीक यांवर वजन घालवू नका. नैरोबीत पार्कलँड्स आणि न्गारा भागात भारतीय वाणसामानाची दुकानं भरपूर आहेत, लहान शहरांतही गुजराती दुकानदार असतात. तिकडे मिळत नाही ते द्या : घरचा सावजी मसाला, काळा मसाला, जवसाची चटणी, मेतकूट, थोडी संत्रा बर्फी. सगळं सीलबंद आणि नावाचं लेबल लावून. ताजी संत्री मुळीच देऊ नका. फळं, बी-बियाणं, रोपं यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. आणखी एक. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे. डबे कापडी पिशव्यांत गुंडाळा, विमानतळावरच्या दुकानातली प्लॅस्टिक पिशवीही बाहेर नेऊ नको म्हणावं.

चष्म्याच्या दोन जोड्या आणि नंबरचा कागद, नेहमीची औषधं तीन महिन्यांची, आणि डॉक्टरांची चिठ्ठी, तीही औषधाच्या मूळ नावाची. कंपनीचं नाव तिकडच्या औषधविक्रेत्याला कळेलच असं नाही. विजेचा दाब आपल्यासारखाच, पण प्लगला तीन चौकोनी पिना असतात, तेव्हा दोन अडॅप्टर द्या.

फोनचं. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. तो रात्री नऊला मोकळा झाला की कामठीत साडेअकरा वाजलेले असतात. त्याच्या संध्याकाळी साडेसहाला तुमचे नऊ. ही वेळ दोघांनाही जमते. रोज मात्र नको, आई. पहिल्या दोन-तीन महिन्यांत रोजचा तासभर व्हिडिओ कॉल झाला की मुलगा शरीराने तिथे आणि मनाने इथेच राहतो. संध्याकाळी शेजारच्या घरी बसायचं ते राहून जातं. आठवड्यातून दोन वार ठरवा. मध्ये एखादी ओळ, एखादा फोटो चालेल. ठरलेल्या दिवशी फोन आला नाही तर घाबरून जाऊ नका, पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क जातं. तिथल्या धर्मग्रामाचा एक पर्यायी क्रमांक आणि नागपुरातल्या संघाच्या कार्यालयाचा क्रमांक जवळ ठेवा.

प्रश्न : इथे येऊन तीन महिने झाले. सुरुवातीला सगळं छान वाटलं. आता सतत चिडचिड होते, रात्री झोप नाही, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) समोर आली की मळमळतं, प्रार्थनेत मन लागत नाही. माझं पाचारणच (या जीवनासाठी देवाची हाक) चुकलं का, असं वाटतं.
— नागपूरच्या एक सिस्टर, सध्या केनियात

सिस्टर, तुमचं पाचारण चुकलेलं नाही. तुम्ही जे लिहिलंय ते बहुतेकांना दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात होतं. मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ दी जानेरोतल्या व्याख्यानात याचं वर्णन केलं, आणि १९६० मध्ये ते छापलं गेलं तेही मिशनऱ्यांसाठीच्या एका मानवशास्त्रीय नियतकालिकात. त्यांचं म्हणणं असं की, ओळखीच्या शेकडो लहान खुणा एकदम नाहीशा होतात : कधी हसायचं, कुणाला आधी नमस्कार करायचा, नकार कसा ओळखायचा. प्रत्येक साध्या गोष्टीसाठी विचार करावा लागतो, म्हणून संध्याकाळपर्यंत माणूस रिकामा होतो. हा थकवा आहे, आणि प्रार्थनेतही तोच बसलेला असतो.

सर्वांत आधी एक गोष्ट तपासा, ती बहुतेक जण विसरतात. मलेरिया टाळण्यासाठी तुम्ही आठवड्यातून एकदा मेफ्लोक्विनची गोळी घेता का? तिने काहींना भयानक स्वप्नं, निद्रानाश, अस्वस्थता आणि उदासी येते. तसं असेल तर आजच डॉक्टरांना सांगा आणि पर्याय मागा. डॉक्सिसायक्लिन किंवा अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल या रोज घ्यायच्या गोळ्या आहेत. मनाने गोळी बंद करून मध्ये खंड पाडू नका. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ ही रक्ततपासणी करून घ्या. वरणभाताची सवय असताना जेवण अर्ध्यावर आलं की तीन महिन्यांत अशक्तपणा येतोच.

जेवणाचं असं करा. मठातल्या स्वयंपाकाची आठवड्यातली एक पाळी मागून घ्या आणि त्या दिवशी सगळ्यांसाठी आपल्या पद्धतीचं वरण, भात, भाजी करा. केवळ स्वतःपुरतं वेगळं ताट मांडलं तर दुरावा वाढतो. उगाली नुसती खाल्ली तर घशाखाली उतरत नाही. गरम असतानाच लहान गोळा हाताने वळा, अंगठ्याने खळगा करा आणि त्यात सुकुमा विकीची (तिथल्या पालेभाजीची) रसदार भाजी किंवा मटणाचा रस्सा उचला. गार झाली की ती घट्ट होते, मळमळ बहुधा त्यामुळे होते. चहा आणि चपाती तर तिथे घरोघरी आहे, न्याहारी त्यावर निभवा. पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, दोन हजार मीटरवर असाल तर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं.

चिडचिडीचं एक कारण तुमच्या पत्रात नाही, पण ते असू शकतं. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा ते किसुमू रेल्वे बांधायला सुमारे ३२ हजार भारतीय मजूर नेले गेले. पुढे तिथल्या व्यापारात भारतीयांचा जम बसला, आणि २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. तरी खेड्यातल्या माणसाच्या मनात ‘म्हिंदी’ (भारतीय) म्हणजे गल्ल्यावर बसलेला दुकानदार, जो आपल्यात जेवायला बसत नाही. बाजारात कुणी तुटक बोललं तर ते त्या जुन्या अनुभवाला बोललेलं असतं. लोकांच्या घरी जमिनीवर बसून जेवणाऱ्या, आजारपणात धावून जाणाऱ्या भारतीय सिस्टरविषयी हे मत बदलतं. त्याला दीड-दोन वर्षं लागतात.

दिनक्रमात तीन गोष्टी घाला. दिवसाउजेडी अर्धा तास चालणं. आठवड्यातून एकदा ‘जुमुइया’त, म्हणजे आठ-दहा शेजारघरांच्या लहान ख्रिस्ती समूहात, नुसतं बसणं. पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी १९७० च्या दशकात या समूहांनाच धर्मग्रामाचा पाया मानलं. नवख्या माणसाला जीव लावणारी माणसं तिथेच भेटतात. आणि तिसरी, मठाबाहेरची एक विश्वासू व्यक्ती, जिच्याकडे महिन्यातून एकदा मराठीत किंवा हिंदीत मन मोकळं करता येईल. प्रार्थनाही मराठीतच करा. स्तोत्र मराठीत म्हटल्याने स्वाहिली मागे पडत नाही.

परत जायचं की नाही हा निर्णय सहा महिने पूर्ण होईपर्यंत घेऊ नका. मात्र सलग दोन आठवडे झोप नसेल, जेवण पूर्ण तुटलं असेल किंवा जगणंच नको असं वाटत असेल, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी वरिष्ठांना सांगून डॉक्टरांकडे जा. त्यासाठी नागपूरला परतावं लागलं तर ते अपयश समजू नका. उपचार घेऊन पुन्हा नेमणुकीवर जाता येतं.

प्रश्न : लोक सतत पैसे मागतात. शाळेची फी, अंत्यविधी, औषध. नाही म्हटलं की अपराधी वाटतं, दिलं की दुसऱ्या दिवशी चार जण उभे. काय करावं?
— एक ब्रदर, मूळचे मोहननगर, नागपूर

ब्रदर, पहिले सहा महिने स्वतःच्या हाताने कुणालाच रोख देऊ नका. कठोर वाटेल, पण कारण ऐका. कोणाची गरज खरी, कोणाला कालच मदत मिळाली, कोणत्या कुटुंबाचा कोणाशी वाद आहे, हे तुम्हाला अजून दिसत नाही. तिथे मागणं ही भीक समजली जात नाही. ते नात्यातलं मागणं असतं, आणि हो-नाही दोन्ही शांतपणे ऐकलं जातं. म्हणून ‘नाही’ म्हणताना रागावू नका, लांबलचक सबबीही देऊ नका. ‘मी एकटा ठरवत नाही, धर्मग्रामाच्या समितीला विचारू’ एवढं स्वाहिलीत पाठ करा आणि त्या माणसाला खरोखर समितीपर्यंत घेऊन जा.

फी भरायची ठरली तर पैसे थेट शाळेच्या खात्यावर भरा आणि पावती घ्या. औषधाचे पैसे थेट औषधालयात द्या. उसने देऊ नका. फेडता न आल्याने माणूस चर्चला यायचा थांबतो, मग पैसाही जातो आणि माणूसही. सगळं शिक्षण मी करीन असली वचनं तर अजिबात नकोत. तुमची बदली होते आणि तुमच्या जागी आलेल्याच्या गळ्यात ते वचन पडतं.

‘हरांबी’, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेली वर्गणी, याला मात्र नेहमी हजर राहा. लग्न, अंत्यविधी, शाळेची खोली, सगळं त्यातून उभं राहतं. किती टाकायचं ते प्रमुख धर्मगुरूंना आधी विचारा आणि तेवढंच टाका. जास्त टाकलंत तर इतरांची वर्गणी झाकोळते, आणि पुढच्या वेळी लोक तुमच्या आकड्याची वाट पाहतात. व्यवहार बहुतेक एम-पेसावर, मोबाइलमधूनच होतो. सिम पासपोर्टवर नोंदवलेलं ठेवा, संस्थेचे पैसे आणि स्वतःचा खर्च वेगळ्या क्रमांकांवर ठेवा, गुप्त क्रमांक कुणालाही सांगू नका.

प्रश्न : कागदपत्रं आणि लसी यांचा क्रम सांगाल का?
— एक वाचक, जरीपटका

किमान चार महिने हाताशी ठेवा. धार्मिक कामासाठी केनियात ‘आय’ वर्गाचा परवाना लागतो आणि त्याचा अर्ज तिकडची संस्था करते. तुम्ही इकडून पदव्यांच्या साक्षांकित प्रती, पासपोर्टची प्रत आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र द्यायचं. ते पासपोर्ट सेवेतून मागवतात. सेमिनरीत शिकलेल्यांचं इथेच अडतं : राहणं पुण्याला किंवा बंगळुरूला, पासपोर्टवर पत्ता नागपूरचा. पोलीस दिलेल्या पत्त्यावर चौकशीला जातात आणि माणूस तिथे नसतो. अर्जाआधी सध्याच्या पत्त्याचा पुरावा जुळवून घ्या. परवाना मंजूर होण्याआधी पर्यटकासारखं जाऊन काम सुरू करू नका, तो कायद्याने गुन्हा आहे. पोचल्यावर ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करा.

लसींत पीतज्वराची (यलो फीवरची) सर्वांत महत्त्वाची. भारतातून थेट येणाऱ्याकडे केनिया ती मागत नाही, म्हणून बरेच जण घेत नाहीत आणि पहिल्या सुटीत भारतात उतरताना अडकतात. केनियातून येणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर इथे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस केंद्र सरकारच्या यादीतल्या केंद्रावरच घ्या. कुपी उघडली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी, ठरावीक संख्येने बोलावतात. नाव आधी नोंदवा. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. अंड्याची तीव्र अॅलर्जी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. ही जिवंत विषाणूची लस आहे. दुसरी जिवंत लस त्याच दिवशी घ्या, नाहीतर चार आठवड्यांनी. हिपॅटायटिस बी घेतली नसेल तर आजच सुरू करा, तिचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वात या बाकीच्या.

प्रश्न : सुटीवर नागपूरला आल्यावर ताप आला तर?
— एक सिस्टर, सदर

त्याच दिवशी रक्ततपासणी, आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही आफ्रिकेतून आला आहात. तिकडचा मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा असतो, तो दोन-तीन दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत जाऊ शकतो. एक तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप चालूच राहिला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा करा. प्रतिबंधक गोळ्या सुटीवर निघाल्या दिवशी बंद करायच्या नसतात : डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन परतल्यावर चार आठवडे, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस चालू ठेवा.